दुपट्ट्यासकट माप

दादाला कंपनीनं कानात घालायचं यंत्र आधी दिलं. डोक्यावर घालायलाही काही द्यावं, हे कंपनीला पुढची दोन वर्षं सुचलं नाही.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. पाणी शुद्ध करायच्या मशिनी दुरुस्त करतो. आम्ही राहतो अमरावतीला, त्याचं ऑफिस अकोल्याला आणि काम दोन्हींच्या मध्ये पसरलेल्या खारपाणपट्ट्यात. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला बोअरचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ धड शिजत नाही. म्हणून तिथं साध्या घरातही भिंतीवर मशीन लटकलेली असते, आणि क्षार साचून ती सारखी बंद पडते. कुठल्या तरी गावातून तक्रार येते, ऑफिस दादाला फोन करतं, दादा मोटरसायकलला पिशवी बांधून निघतो. असे एकूण आठ जण आहेत.

कंपनीनं आठही जणांना गळ्यात अडकवून कानात घालायचं ब्लूटूथ दिलं आणि हँडलला लावायचा मोबाइल होल्डर दिला. मोबाइलमध्ये एक ॲप. कुणाची गाडी कुठं आहे, किती वेळ थांबली, हे ऑफिसात बसून साहेबाला दिसायचं. चहाला थांबलं की फोन. तीन रिंगांत उचलला नाही, तर तक्रार दुसऱ्याच्या नावावर जायची आणि आपल्या नावासमोर लाल ठिपका पडायचा.

"गाडी चालवत असताना पण उचलायचा?" मी एकदा विचारलं.

"चालवतानाच उचलता यावा म्हणून तं कानात देलं ना, बाई," दादा म्हणाला. त्याला त्यात विनोद वाटत होता. मला वाटला नाही.

मला अशा गोष्टींत विनोद वाटत नाही, याचं कारण आमचं घर. बाबा शाळेत कारकून होते आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. छापखान्यातून आलेले गठ्ठे आमच्या दिवाणाखाली असत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. रफार कसा काढायचा हे 'संघर्ष' या शब्दातून शिकले, शाळेत नंतर. माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे, की जे छापून सर्वांच्या हातात दिलं जातं, त्याला कुणीतरी उत्तर द्यावंच लागतं.

म्हणून मी पत्रक काढलं. मथळा होता, 'कानात तुम्ही, डोक्यावर कोण?' एक पान, दोन्ही बाजूंनी. सोमवारी आठही मेकॅनिक सुटे भाग न्यायला अकोल्याच्या ऑफिसात जमतात. मी सकाळी दारात उभी राहिले आणि वाटलं. दादानं नाव टाकू नको म्हणून सांगितलं होतं, मी टाकलं नाही. पण मी कुणाची बहीण, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुई बहीन तं लीडर हाये बे," एक जण त्याला म्हणाला. "तुले आता खासदारकीचं तिकीट भेटते."

"मले नाही, तिले भेटन," दादा म्हणाला. "मी तिचा ड्रायव्हर."

साहेबानं मला आत बोलावलं. चहा दिला. माझी भाषा फार छान आहे म्हणाला. मी कुठं शिकले, लग्न झालं का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "ताई, आठ हेल्मेटं कंपनी देईल. फक्त कॉल ऐकू आले पाहिजेत, त्यामुळे स्पीकर हेल्मेटच्या आत बसवून घेऊ. आणि निवड तुम्हीच करा. म्हणजे नंतर पुन्हा पत्रक नको."

मी ते जिंकणं समजले. अमरावतीला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी मनातल्या मनात दुसऱ्या पत्रकाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

पुढचे पंधरा दिवस मी अभ्यास केला. मी काहीच अर्धवट करत नाही, असा तेव्हा माझा समज होता. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्या हेल्मेटांवरचा आयएसआयचा शिक्का बऱ्याचदा खोटा असतो, हे वाचलं. अर्ध्या तोंडाचं घ्यायचं नाही. काच काळी नको, संध्याकाळी दिसत नाही. हनुवटीखालचं लॉक हातमोजे घालूनही उघडता आलं पाहिजे. गार्ड शिवलेलं जॅकेट मी सुचवलं तेव्हा दादा म्हणाला, "त्या जॅकेटात मी मूर्तिजापूरपर्यंत शिजून जाईन. वरून कोथिंबीर टाक." गुडघ्याचे गार्ड घालून मोरीत उकिडवं बसता येत नाही, म्हणून तेही गेले. हातमोजे राहिले. गाडीवर समोर लावायचा कॅमेरा मी मागितला नव्हता, तो साहेबानं आपणहून सुचवला. मेकॅनिक गावात किती वाजता शिरला, ते त्यात दिसलं असतं. मी तो नाकारला आणि त्याचाही मला अभिमान वाटला.

मापाबद्दलही मी वाचलं होतं. हेल्मेट गालांना घट्ट धरलं पाहिजे, सुरुवातीला थोडं टोचलंही पाहिजे. घातल्यावर हातानं हेल्मेट हलवलं तर त्यासोबत कपाळाची कातडी हलावी, हेल्मेट एकटं फिरू नये. मागून वर ओढलं तर निघू नये. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

अकोल्यातल्या दुकानात आठही जणांना घेऊन गेले. दुकानदारानं पहिलाच प्रश्न केला, "कपडा बांधून घालता का बिनकपड्याचं?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणालाही नवा वाटत नाही. फाल्गुन संपला की वऱ्हाडात माणूस डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. पांढरा, सुती, लांबच लांब. कपाळ, कान, मान, नाक, सगळं झाकून डोळे तेवढे उघडे. ऊन पंचेचाळिसावर जातं तेव्हा डोक्याला दुपट्टा नसलेल्या माणसाला लोक थांबवून विचारतात, कावून बाप्पा, जीव जड झाला का? हेल्मेट घालायचं तर त्या दुपट्ट्याच्या वर. म्हणून आमच्या दुकानांत गिऱ्हाईक आधी डोक्याला दुपट्टा बांधतं आणि मग हेल्मेट घालून पाहतं. बूट जसा मोज्यासकट घालून पाहावा, तसं.

दादानं दुपट्टा बांधला. त्याच्या मापाचं हेल्मेट कपाळावर अडकलं. दुकानदारानं एक नंबर मोठं काढलं, ते बसलं.

"बिनकपड्याचं घालून बघ ना एकदा," मी म्हणाले.

"कावून? बिनकपड्याचं मी घालनार हाये का?"

"माप डोक्याचं घ्यायचं असतं. कपड्याचं नाही."

दुकानदार हसला. "ताई, ते पुन्या-मुंबईचं माप असन. तिकडं एसी लावल्यावानी हवा असते. हे लेकरं मे मइन्यात दर्यापूरले जातीन. लहान घेतलं तं दोन दिवसांत आरशाले टांगून ठेवतीन. अन् स्पीकरले जागा पायजे ते येगळीच."

बाकीचे सात जण रांगेत दुपट्टे बांधून उभे होते. एकानं काच खाली पाडून विचारलं, "कसा दिसून राहिलो? अंतराळात चाललो वानी?" दुसरा म्हणाला, "अंतराळातून पाठवून देतीन तुले, तिथं पानी खारं नाही म्हनतीन." सगळे हसले. मीही हसले.

आणि मी मान्य केलं. स्वतःला सांगितलं, की न घातलेल्या चांगल्या हेल्मेटपेक्षा घातलेलं थोडं सैल बरं. हा विचार वाईट नव्हता. पण मी तेवढ्यासाठीच मान्य केलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आठही जण हेल्मेट घालून ऑफिससमोर उभे असलेला फोटो हवा होता. तो त्याच दिवशी हवा होता, कारण दुसऱ्या पत्रकावर तो छापायचा होता. छापलाही. मथळा होता, 'मागितलं म्हणून मिळालं.'

उन्हाळा चांगला गेला. आठही जण हेल्मेट घालत होते. दुपट्टा आत भरलेला, त्यामुळे ते जागचं हलत नव्हतं. ओळखीच्या लोकांना मी ही हकीकत सांगायची आणि प्रत्येक वेळी माझं काम थोडं मोठं होत जायचं.

मग पाऊस सुरू झाला. भिजलेला दुपट्टा डोक्याला बांधून कुणी फिरत नाही. त्याला वास येतो, मान आखडते. आठही जणांनी तो पिशवीत टाकला.

जुलैमध्ये जेवताना दादा म्हणाला, "हे हेल्मेट थोडं फिरून राहिलं, बाई. मान वळवली का काच कानावर येते."

"पट्टा आवळ," मी म्हणाले. मी मोबाइलवर काहीतरी वाचत होते. काय वाचत होते ते आता आठवत नाही.

ऑगस्टमध्ये, दुपारी, दर्यापूरच्या रस्त्यावर तो पडला. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकली होती आणि वर भुरभुर पाऊस. ती माती ओली झाली की तिच्यावर पायी चालणाराही सरकतो. त्याच वेळी फोन वाजला. तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला. साहेब विचारत होता, कुठं आहेस. उत्तर देता देता गाडी सरकली. वेग फार नव्हता, हे मागून येणाऱ्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. त्यानं हेही सांगितलं, की गाडी आडवी होताना हेल्मेट डोक्यावर गोल फिरलं, निघालं आणि सोयाबीनमध्ये जाऊन पडलं. पट्टा लावलेला होता. लॉक अजून बंद होतं. हनुवटीवरून सरळ निघून आलं ते. डोकं डांबराच्या काठावर आपटलं.

नऊ दिवस दवाखान्यात. तो वाचला. उजव्या कानाचं ऐकणं गेलं, ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. दुरुस्तीचं अर्धं काम तो कानानंच करायचा. मोटर घरघरते की शिट्टी मारते, यावरून झाकण न उघडता दोष ओळखायचा.

साहेब भेटायला आला. संत्री आणली होती. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "हेल्मेट घातलं होतं ना त्यानं?"

"घातलं होतं."

"मग?"

घरी आले. दवाखान्यानं त्याच्या कपड्यांसोबत, शेतकऱ्यानं उचलून आणलेलं हेल्मेटही पिशवीत घालून दिलं होतं. मी ते बाबांच्या डोक्यावर ठेवलं. बाबांचं डोकं दादाएवढंच, वर टक्कल. त्यांना म्हणाले, पट्टा लावा. लावला. मान हलवा. त्यांनी मान हलवली आणि हेल्मेटची काच त्यांच्या कानाकडे गेली. मी मागून हलकेच वर ओढलं. निघून माझ्या हातात आलं.

बाबांनी लॉक पाहिलं, ते अजून बंद होतं.

"बाकीचे सातही असेच घेतले का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"त्यायले सांग."

मी सातही जणांना फोन केले. दोघांनी नीट ऐकून घेतलं. बाकीचे म्हणाले, आमचं बरोबर बसते, त्याची वेळ खराब होती. एक म्हणाला, "बाई, तूच तं निवडलं होतं ना?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, की निवडणारीच आता हे चुकीचं का म्हणते.

मग मी बाबांना म्हणाले, "लेखी काढते. पत्रक."

"पोराले इचारलं का?"

"विचारते."

बाबांना जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. दादाच्या उपचाराचा खर्च आणि घरी बसलेल्या महिन्यांचा पगार द्यायचा की नाही, हे कंपनीचं अजून ठरायचं होतं. चौकशी चालू आहे, असं पत्र आलं होतं. अशा वेळी हेल्मेट चुकीच्या मापाचं होतं, असं घरातल्याच माणसानं छापून देणं म्हणजे काय, हे समजायला वकील लागत नाही.

पण सात डोकी रोज त्याच रस्त्यावर जात होती. जिंकल्याचं मी छापून वाटलं होतं, फोटोसकट. मग चूक मात्र फोनवर हळूच सांगायची, हे मला लबाडीचं वाटलं. आजही वाटतं. त्यावर मी ठाम आहे.

दादाला मात्र मी विचारलं नाही. तो शेजारच्या खोलीत, डाव्या कुशीवर झोपलेला असायचा, कारण उजव्या बाजूला टाके होते. उठवून विचारता आलं असतं. तो नाही म्हणाला असता तर मला थांबावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

पत्रकाचा मथळा होता, 'माझी चूक.' खाली माझं पूर्ण नाव. हेल्मेट मी निवडलं, दुपट्ट्यावरून माप घेऊ दिलं, पावसाळ्यात ते सैल झालं आणि माझ्या भावाच्या डोक्यावरून निघालं. तुमचंही निघेल. आज घरी जाऊन बिनकपड्याचं घालून मागून ओढून पाहा. दुसऱ्या बाजूला, चालत्या गाडीवर फोन उचलायला लावणाऱ्या ऑफिसबद्दल लिहिलं. ती बाजू मोठी होती आणि मला जास्त आवडली होती.

सोमवारी अकोल्याला जाऊन वाटलं. या वेळी कुणी आत बोलावलं नाही.

महिन्याभरानं कंपनीचं उत्तर आलं. सोबत माझ्या पत्रकाची झेरॉक्स जोडलेली. पहिल्या बाजूच्या चार ओळींखाली रेघा मारलेल्या. साधनाची निवड कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनी केली, ते योग्य मापाचं नव्हतं हे त्यांनी स्वतः मान्य केलं आहे, आणि गाडी थांबवूनच फोन घ्यावा असा नियम ॲपमध्ये आहे. सबब मदत देता येत नाही. नियम मी शोधला. होता, सहा बटणं दाबल्यावर, इंग्रजीत. पत्रकाच्या दुसऱ्या बाजूची त्यांनी झेरॉक्सच काढली नव्हती.

दादानं दोन्ही कागद वाचले. आधी कंपनीचा, मग माझा. माझा त्यानं तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

"खरं हाये हे," तो म्हणाला.

मी वाट पाहत राहिले.

"मले इचारलं कावून नाही?"

"तू नाही म्हणाला असतास."

"असं तुले वाटलं." त्यानं कागदाची घडी घातली. "अन् म्हनलो असतो नाही, तं? माह्या डोक्याचंच लिवलं ना तू. माह्या डोक्याले तरी इचाराचं."

"सात जण होते, दादा."

"मले मोजता येते, बाई." थोडा थांबून म्हणाला, "मी काय म्हनलो असतो ते मलेच मालूम नाही. आता कधी समजनारही नाही. तू ते समजूच देलं नाही."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. भांडण मला येतं.

नंतर एक आठवडा तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे, दार लाव. उजव्या बाजूनं मी काही म्हणाले तर त्याला ऐकू जायचं नाही, आणि डाव्या बाजूनं म्हणाले तर ऐकू जाऊनही तो गप्प राहतो की काय, हे मला कळायचं नाही.

एका रविवारी त्याच्याबरोबरचे दोन मेकॅनिक घरी आले. हेल्मेटं घेऊन. हे फोनवर नीट ऐकून घेणारे दोघं नव्हते. यातल्या एकानं त्याची वेळ खराब होती म्हटलं होतं. पत्रक वाचून आलात का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तो दादाला म्हणाला, "तुह्या कानाचं समजलं. मंग लय डोक्यात फिरून राहिलं. पाहून दे बरं आमचं."

दादानं त्यांना अंगणात उभं केलं. मी चहा ठेवायला आत गेले, खिडकीतून पाहत होते.

"दुपट्टा काढ. आता घाल. पट्टा लाव. मान हालव." त्याचं मान हलवणं पाहून दादा म्हणाला, "मान हालून राहिली, हेल्मेट तिथंच हाये. घुबड हाये का बे तू?" मग त्यानं मागं जाऊन हेल्मेटच्या खालच्या काठाला दोन बोटं लावली आणि वर उचललं. ते निघून आलं. त्या माणसाचे केस उभे राहिले होते, तो हसत होता. मग हसायचा थांबला.

दुसऱ्याचंही तसंच निघालं.

"लहान घ्या," दादा म्हणाला. "गालाले चावलं पायजे."

"अन् मे मइन्यात?" पहिल्यानं विचारलं. "त्यात दुपट्टा जानारच नाही. दर्यापूरपर्यंत उघड्या डोक्यावर ते गरम डबडं घालू का? चक्कर येऊन पडलो तं?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मी एवढं वाचलं होतं. तीन पत्रकं काढली होती. मे महिन्याचं हे दुकानदारानं पहिल्याच दिवशी काढलं होतं आणि आम्ही सगळे अंतराळाच्या विनोदावर हसत बसलो होतो.

दादानं माझ्याकडे पाहिलं, त्या महिन्यात पहिल्यांदाच सरळ. मला काही माहीत असेल, अशी त्याची अपेक्षा होती. मी मान हलवली, नाही म्हणून.

"मालूम नाही," तो त्यांना म्हणाला.

दोघांनी चहा घेतला. बाहेर ऊन चांगलंच निघालं होतं. पहिल्यानं निघताना डोक्याला दुपट्टा बांधला, वर तेच हेल्मेट चढवलं, मान दोनदा हलवून पाहिली आणि गाडीला किक मारली.